काच फुंकण्याआधी निववायला शिका: घरच्या टेबलावर काचकामाची सुरुवात

आमच्या आजोळी बांगडी फुटली असं म्हणायची सोय नव्हती. बांगडी वाढवली म्हणायचं. वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे पत्र्याच्या एका डब्यात साठत, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मामेबहिणी ते मेणबत्तीवर धरून वाकवत बसायचो. दोन टोकं जुळली की कडी, कडीत पुढचा तुकडा अडकवून वाकवला की साखळी, साखळ्या पुरेशा झाल्या की दाराला तोरण. बोटं भाजायची, काच काजळीनं काळी व्हायची, आणि फरशीवर ठेवलेली एखादी कडी तासाभरानं कोणी हात न लावता ‘टक्’ करून दोन व्हायची. ती का फुटायची ते मला चाळिशीत कळलं. हा छंद घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी तेच सांगते: काच तापवणं सोपं आहे, निववणं अवघड. पैसा, वेळ आणि डोकं या क्रमानं नाही, उलट्या क्रमानं खर्च करा.

काच फुंकणं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो लांब पोकळ नळीच्या टोकाला काचेचा लालबुंद गोळा घेऊन फिरणारा माणूस. ते भट्टीवरचं काम. तिथे वितळलेली काच साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास दिवसरात्र धरून ठेवावी लागते, जोडीला गोळा पुन्हा पुन्हा तापवायला दुसरी भट्टी आणि हाताखाली एक माणूस. घरी होण्यातलं ते काम नाही. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईबाबा न्यू जर्सीहून नायगाऱ्याच्या बसमध्ये बसतात, तेव्हा वाटेत कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय लागतं. तिथे पैसे भरून, कारागिराच्या देखरेखीखाली स्वतः काच फुंकून बघता येते. संधी मिळाली तर सोडू नका. फक्त एक लक्षात घ्या: फुंकलेली वस्तू लगेच हातात देत नाहीत, ती रात्रभर भट्टीत निवत पडते.

घरी जमण्यासारखा मार्ग टेबलावरचा. टेबलाला घट्ट बसवलेला टॉर्च, म्हणजे विजेरी नव्हे, गॅस आणि ऑक्सिजनवर चालणारा बर्नर, आणि त्याच्या ज्योतीत काचेची कांडी किंवा नळी. पूर्वी हे काम तेलाच्या दिव्यावर भात्यानं हवा मारून चाले, म्हणून इंग्रजीत त्याचं नाव अजूनही लॅम्पवर्क. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले कंडेन्सर आणि वाकड्या नळ्यांची उपकरणं याच पद्धतीनं होतात. माझं मत असं की पहिले तीन महिने फुंकायचंच नाही, भरीव मणी करायचे. ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो. पण फुंकर शिकायला एक दुपार पुरते, आणि काच एकसारखी फिरवायला हात महिने घेतो. जो हात मणी मध्यावर ठेवू शकत नाही, त्याच्या नळीचा फुगाही एका बाजूलाच फुगतो.

काच कोणती

काच दिसायला सारखी असली तरी तापल्यावर प्रत्येक जात वेगवेगळी प्रसरण पावते. हा प्रसरणाचा आकडा कांड्यांच्या गठ्ठ्यावर लिहिलेला असतो. मण्यांसाठी जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी मऊ काच १०४ची. व्हेनिसजवळच्या मुरानोची एफेत्रे कांडी याच जातीची. पत्रे आणि तुकडे भट्टीत एकजीव करण्यासाठी जी काच मिळते, ती बहुधा ९० किंवा ९६ची. प्रयोगशाळेतली आणि मायक्रोवेव्हमध्ये चालणारी बोरोसिलिकेट ३३ची. नियम एकच: एका वस्तूत एकच आकडा. १०४च्या मण्यावर ९०चा ठिपका दिला तर ज्योतीत तो झकास बसतो, आणि निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी. मग ठिपक्याभोवती चंद्रकोरीसारखा तडा जातो, कधी त्याच दिवशी, कधी पंधरा दिवसांनी, दागिना कोणाला भेट देऊन झाल्यावर.

सुरुवातीला सहा रंग पुष्कळ झाले: पारदर्शक, पांढरा, काळा, एक निळा, एक हिरवा, एक हस्तिदंती. कांडी ५ ते ६ मिलिमीटर जाडीची घ्या. जाड कांडी स्वस्त पडते, पण तापताना ठिकऱ्या जास्त उडवते. लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांत अनेकदा कॅडमियम असतं आणि ते ज्योतीत चटकन करपतात, म्हणून ते नंतर. भारतात मऊ काचेचं गाव म्हणजे फिरोजाबाद, बांगड्या तिथल्याच. हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर मण्यांसाठी ओळखलं जातं. तिथली कांडी सरावाला उत्तम, फक्त एका कारखान्याची दुसऱ्याच्या काचेत मिसळू नका. आकडा लिहिलेला नसतो. बाटल्या, खिडकीची काच, जुन्या बांगड्या यांनाही हेच लागू. एकाच बाटलीच्या काचेचा एकरंगी मणी होतो, दुसरं काही त्यावर चढवायचं नाही.

जागा आणि गॅस

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चूक करायला इथे दुसरी संधी मिळत नाही.

टेबलाचा पृष्ठभाग सिमेंटच्या पत्र्याचा, कडाप्प्याचा किंवा स्टीलचा हवा. सनमायका आणि प्लायवूड नको. पडदे, वर्तमानपत्रं, सॅनिटायझरची बाटली दोन मीटरच्या आत नको. सीलिंग फॅन बंद, कारण ज्योत हलते. त्याऐवजी टॉर्चच्या पुढे, छातीच्या उंचीवर एक्झॉस्ट पंखा आणि तुमच्या पाठीमागे उघडी खिडकी. म्हणजे हवा तुमच्या अंगावरून पुढे जाते, धूर तोंडाशी येत नाही. गरम ज्योतीत हवेतला नायट्रोजन जळून त्रासदायक वायू तयार होतात. इतक्या थोड्या प्रमाणात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बंद खोलीत त्यांचा त्रास होतो. तळघर आणि पार्किंगमधला बंद कोपरा अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचून राहतो. मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसते. सोसायटीला आधी लेखी कळवलं आणि चेअरमनना एकदा चहाला बोलावून ज्योत दाखवली. त्यानंतर एकही तक्रार आली नाही.

गॅससाठी घरातला १४.२ किलोचा सिलिंडर वापरू नका. तो स्वयंपाकासाठीच आहे, कायद्यानंही. गॅस एजन्सीत ५ किलोचा फ्री ट्रेड सिलिंडर किंवा १९ किलोचा व्यावसायिक मिळतो. सिलिंडर कायम उभाच ठेवायचा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस नळीत येतो. शेगडीचा रेग्युलेटर टॉर्चला पुरत नाही. दाब दाखवणारा, कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर लागतो, आणि छोट्या टॉर्चला ३ ते ५ पीएसआय गॅस भरपूर होतो. गॅसच्या जोडणीचे आटे उलटे असतात, ऑक्सिजनचे सुलटे. हे मुद्दाम केलेलं आहे, म्हणून जोडणी बसत नसेल तर जोर लावू नका, नळी चुकलेली असते. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप, बसवून घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, रोज, आळस न करता.

ऑक्सिजनसाठी दोन वाटा. वेल्डिंगवाल्याकडचा मोठा सिलिंडर, जो भिंतीला साखळीनं बांधावाच लागतो, किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. कोविडच्या लाटेत घेतलेली मिनिटाला ५ लिटर देणारी यंत्रं आज कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. त्यातून साधारण ९० टक्क्यांच्या वर शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो, दाब कमी असतो, पण लहान टॉर्चवर मऊ काचेचे मणी करायला तो चालतो. परदेशातले हौशी लोक कित्येक वर्षं हेच करत आलेत. घरात कोणाला श्वासासाठी यंत्र लागत असेल तर त्याला हात लावायचा नाही, हे सांगायला नको. आणि ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडावर तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हात लावायचा नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं. जोड करकरला की थेंबभर तेल सोडायची आपली सवय इथे जिवावर बेतू शकते.

पेटवण्याचा क्रम: आधी गॅस थोडा उघडा, पेटवा, मग ऑक्सिजन हळूहळू. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. उठण्याआधी सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळीत उरलेला गॅस जाळून टाका. हा क्रम मी पहिले दोन महिने टेबलावर खडूनं लिहून ठेवला होता.

अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट, केस बांधलेले. ओढणी नाही, सिंथेटिक साडी नाही, नायलॉनचे मोजे नाहीत. ते वितळून कातडीला चिकटतात. बाजूला पाण्याची बादली आणि एबीसी प्रकारचं अग्निशामक. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतलं काहीही नाही. आणि भाजतं ते ज्योतीनं क्वचितच. ४०० अंशांची काच लाल दिसत नाही, गार काचेसारखीच दिसते. काहीही उचलण्याआधी हाताची मागची बाजू दोन इंचांवरून फिरवून बघायची सवय लावा.

चष्मा विसरू नका. मऊ काचेतलं सोडियम ज्योतीत भडक पिवळा प्रकाश देतं, त्या झगमगाटात काच दिसतच नाही. डिडिमियमचा फिकट जांभळा चष्मा नेमका तो पिवळा गाळतो. पहिल्यांदा लावला तेव्हा मला ज्योत गेल्यासारखं वाटलं, आणि कांडीचं टोक स्वच्छ दिसायला लागलं. साधा गॉगल हे काम करत नाही.

भट्टी, म्हणजे खरा खर्च

नवा माणूस मोठा टॉर्च घेतो आणि भट्टी पुढच्या वर्षावर ढकलतो. मीही तेच केलं. पहिला बरा दिसणारा मणी, निळ्यावर पांढरे ठिपके, मी राखेत पुरून गार केला आणि कौतुकानं टीव्हीशेजारी ठेवला. रात्री बातम्या चालू असताना आजोळच्या फरशीवरचा तोच आवाज आला: टक्.

होतं असं. बाहेरचा थर हवा लागून आधी ताठ होतो. आतली काच अजून मऊ असते. ती निवताना आकसू बघते आणि ताठ झालेला बाहेरचा थर तिला आकसू देत नाही. हा ताण काचेत कायमचा अडकतो. मणी अखंड दिसतो, पण तो सतत स्वतःला ओढत असतो, आणि एखादा ओरखडा किंवा पंख्याचा झोत निमित्त होतो. उपाय एकच. वस्तू अशा तापमानाला धरून ठेवायची की आकार बदलू नये, पण आतले ताण सैल व्हावेत, आणि मग आतबाहेर सारखंच तापमान राहील इतक्या सावकाश खाली आणायची. याला अनीलिंग म्हणतात. घरी आम्ही ‘निववणं’च म्हणतो.

१०४च्या मण्यांसाठी माझं वेळापत्रक असं: भट्टी कामाआधीच ५१० अंशांवर. तयार झालेला प्रत्येक मणी, तो ज्या स्टीलच्या सळईवर गुंडाळतात तिच्यासकट, लगेच आत. शेवटचा मणी गेला की आणखी एक तास ५१०वर. मग तासाला ६० अंशांपेक्षा जास्त नाही, अशा वेगानं ३७० पर्यंत. तिथून भट्टी बंद आणि दार न उघडता सकाळपर्यंत तशीच. सुपारीएवढ्या मण्यांना हे पुरतं. लिंबाएवढी भरीव वस्तू असेल तर धरून ठेवायचा वेळ कित्येक पटींनी वाढतो, आणि तापमान उतरवायचा वेगही बराच कमी लागतो.

खास मण्यांची भट्टी आयात करावी लागते आणि महाग पडते. पण प्रयोगशाळांसाठी मफल फर्नेस बनवणारे कारखाने आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून लहान आकाराची, डिजिटल कंट्रोलरची, पायऱ्यापायऱ्यांनी तापमान उतरवता येणारी भट्टी करून घ्या. नुसतं चालू-बंद करणारं बटण नको. दाराला सळया बाहेर राहतील अशी अरुंद फट ठेवायला सांगा. भट्टी आली की तिच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. विटेच्या दोन तुकड्यांवर तुमच्याच काचेची कांडी पुलासारखी आडवी ठेवा आणि ५०० च्या पुढे दहा-दहा अंशांनी, प्रत्येक टप्प्याला पाचेक मिनिटं थांबत वर जा. कांडी मध्ये वाकायला लागली तो आकडा टिपून घ्या. त्याच्या साधारण २५ अंश खाली तुमच्या भट्टीचं निववण्याचं तापमान. माझ्या भट्टीत ते कागदावरच्या आकड्यापेक्षा १५ अंशांनी वेगळं निघालं.

भट्टी येईपर्यंत नर्सरीत मिळणारं व्हर्मिक्युलाइट (कुंड्यांत घालतात ते हलकं, फुगीर खनिज) तव्यात गरम करून त्यात मणी खुपसायचे. त्यानं मणी निवत नाही, फक्त फुटायचा तूर्त वाचतो. असे मणी जपून ठेवा आणि भट्टी आली की सगळे एकदम, थंड भट्टीपासून सुरुवात करून, हळूहळू वर नेऊन निववा. मधल्या काळात कोणाला भेट देऊ नका.

पहिला मणी

टॉर्च पेटवण्याआधी स्वयंपाकघरात जा. लाटण्याच्या टोकाला काकवी घ्या आणि ती न गळता, एका बाजूला न ओघळता तशीच राहील असं लाटणं आडवं धरून फिरवत राहा. जोरात फिरवलं तर काकवी उडते, थांबलात तर खाली लोंबते. दोन्ही हातांनी पाचपाच मिनिटं जमलं की पुढे जा. वितळलेली काच अशीच वागते.

मणी ज्या स्टीलच्या सळईवर गुंडाळायचा ती २.४ मिलिमीटर जाडीची बरी. तिला बीड रिलीज नावाचा मातीचा लेप लागतो, म्हणजे निवलेला मणी सळईवरून निघतो. लेप ताकाएवढा पातळ नको आणि दह्याएवढा घट्ट नको, पातळ पिठल्यासारखा. सळई ५-६ सेंटिमीटर बुडवून सरळ वर काढा, वाळूच्या डब्यात उभी खोचा, रात्रभर वाळू द्या. ओल्या लेपाची सळई ज्योतीत धरली तर लेप पापुद्र्यांसारखा उडतो.

टॉर्च पेटवा, ऑक्सिजन वाढवा, टॉर्चच्या तोंडाशी छोटे टोकदार निळे शंकू दिसू लागले की ज्योत बरोबर. पिवळी टोकं म्हणजे ऑक्सिजन कमी. फुसफुसणारी, आखूड ज्योत म्हणजे जास्त. काम शंकूंमध्ये नाही, त्यांच्यापुढे ५ ते ७ सेंटिमीटरवर.

डाव्या हातात सळई, उजव्यात पेन धरतात तशी कांडी. कांडी एकदम ज्योतीत घालायची नाही. ज्योतीच्या शेंड्यापाशी, लांबवर, निरांजन ओवाळावं तशी ओवाळा, आणि तीसेक सेकंदांत जवळ जवळ आणा. घाई केलीत तर टोकाची ठिकरी उडते, तीही हमखास मांडीवर. टोक नारिंगी होऊन आपोआप गोल व्हायला लागेल. कांडी फिरवत राहा. वाटाण्याएवढा गोळा झाला की लेप लावलेली सळई ज्योतीच्या किंचित खाली आणा. लेप मंद लाल झालेला हवा. गार लेपावर काच धरत नाही, घसरते.

आता गोळा सळईला टेकवा आणि सळई तुमच्यापासून दूर फिरवा. कांडी ढकलायची नाही, सळईनंच काच ओढून घ्यायची. पहिला वेढा बसला की लगेच कळतं, मधाच्या तारेसारखी काच सळईभोवती येते. दोन-तीन वेढे, शेजारीशेजारी नाही, एकावर एक. मग कांडी हळूच मागे घ्या. मधली बारीक तार ज्योतच तोडते. कांडी बाजूला ठेवा आणि आता फक्त फिरवा. गाठीगाठींचा ओबडधोबड वळसा पाच-दहा सेकंदांत विरघळून गोल होतो. ते तुम्ही करत नाही, काचेचा पृष्ठताण करतो. तुमचं काम तिला एका बाजूला ओघळू न देणं. ओघळलीच तर घाबरू नका. जड बाजू वर आणून क्षणभर थांबा, ती आपल्या वजनानं खाली येऊन मध्यावर बसते, मग पुन्हा फिरवा.

मण्याची दोन्ही टोकं बघा. भोकाशी काच आत वळलेली, बेंबीसारखी हवी. टोकदार पदर बाहेर आले असतील तर सळईवर रुंदी जास्त आणि काच कमी आहे; आणखी एक वेढा द्या. हे टोकदार पदर पुढे दोरा कापतात, माझी एक अख्खी माळ त्यांनी लग्नात तुटवली.

गोल झाला की ज्योतीबाहेर काढून फिरवत राहा. लाली गेली, आकार धरला, की ज्योतीच्या लांबच्या टोकाला आणखी वीस-तीस सेकंद उबेत फिरवा, आणि थेट भट्टीत. लाल असताना आत ठेवलात तर मणी भट्टीच्या विटेला चिकटतो किंवा चपटा होतो. बाहेर गप्पा मारत राहिलात तर तडकतो.

पहिल्या दिवशी असे दहा करा, एकाच रंगाचे, नक्षी नाही. दहापैकी तीन बरे आले तर हात चांगला आहे.

बिघडतं ते कसं

फिरवताना मणी सळईवर सैल वाटला तर लेप तुटला आहे. बहुतेक काच जोरात दाबली गेली किंवा लेप घाईत सुकवला. पांढऱ्या, हस्तिदंती काचेवर करडी साय आली तर टॉर्चच्या फार जवळ काम झालं किंवा ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला. आत बुडबुडे दिसले तर कांडी पुसली नव्हती किंवा वेढा अर्धवट दुमडला. फिरोजी काच ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत विटकरी डाग धरते, कारण तिच्यात तांबं असतं. याचाच पुढे उपयोग होतो: हस्तिदंतीवर फिरोजी ठिपका दिला की मध्ये आपोआप काळसर रेघ उमटते. हस्तिदंती काचेतलं गंधक आणि फिरोजीतलं तांबं एकमेकांना भेटतात. मला ही रेघ मुद्दाम काढलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा आवडते.

ठिपक्यांसाठी आधी तार ओढून ठेवा. कांडीचं टोक चांगलं तापवून, ज्योतीबाहेर काढून, तीन मोजून, चिमट्यानं सावकाश ओढा. जाड तार हवी तर थांबून ओढा, बारीक हवी तर लगेच. ठिपका देताना मणी ज्योतीच्या खाली, तारेचं टोक ज्योतीच्या कडेला. समोरासमोर दोन ठिपके आधी, मग त्यांच्या मध्ये दोन. सलग देत गेलात तर शेवटचा ठिपका पहिल्याच्या अंगावर चढतो.

निवलाय का, ते तपासणं

भट्टीतून आलेला मणी सळईसकट पाण्यात भिजत ठेवा. सळई पकडीत धरून मणी पिळा, लेप भिजल्यावर तो निघतो. भोकातला लेप डायमंडच्या बारीक कानशीनं पाण्याखालीच घासायचा. सुका घासलात तर ती धूळ थेट फुप्फुसात जाते.

मग लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. एलसीडी पडद्याचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवा, एका कोनात पडदा काळा होतो. मणी पातळ काचेच्या वाटीत गोडेतेलात बुडवून पडदा आणि गॉगल यांच्या मध्ये धरा. तेलामुळे काचेच्या गोलाईचे खोटे झगमगाट कमी होतात. प्लास्टिकची वाटी नको, तिचेच रंग दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर मणी काळाच राहिला तर निवला. ठिपक्याभोवती किंवा भोकाशी उजळ प्रभावळ दिसली तर ताण उरलाय. सगळ्या मण्यांत दिसली तर भट्टीचं तापमान किंवा वेळ चुकली, पुन्हा निववा. फक्त एका रंगाच्या ठिपक्याभोवती दिसली तर ती काच परकी आहे आणि कितीही निववली तरी तो ताण जाणार नाही. अपारदर्शक मण्यांना ही युक्ती चालत नाही, म्हणून नवी कांडी आली की तिचा ठिपका आधी पारदर्शक मण्यावर देऊन बघते.

कोणाकडून शिकायचं

आपल्याकडे छंद म्हणून शिकवणारे मोजके आहेत, पण ज्योतीवरची काच रोज हाताळणारे लोक आपल्याच शहरात असतात: प्रयोगशाळांचे ग्लासब्लोअर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुंबईच्या आयआयटीत, अनेक विद्यापीठांच्या उपकरण केंद्रांत हे काम चालतं. परवानगी काढून एक दिवस नुसतं शेजारी बसून बघायला मिळालं तर दहा व्हिडिओंचं काम होतं. मी असंच एका निवृत्त काकांच्या मागे लागले. पहिल्या भेटीत त्यांनी मला टॉर्च पेटवू दिला नाही. गार नळी दोन्ही हातांत देऊन म्हणाले, दोन्ही टोकं एका वेगानं फिरवा, मधे खूण केलीय ती पिळली जाता कामा नये. अर्धा तास तेवढंच.

मराठी मुलखाला ही काच परकी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, जुन्या तगरला, लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी बघा. भोकाच्या कडा निरखल्या की तेव्हाच्या कारागिरानं काच कशी फिरवली ते वाचता येतं. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो घरोघरी गोळा केलेल्या पैशापैशावर, आणि जपानमध्ये काचेचं तंत्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तिथे कारागीर तयार झाले. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आमच्या आजोळच्या खुंटीवरच होता.

आता फुंकर

शंभरेक मणी झाले, डोळे मिटून सळई फिरते असं वाटू लागलं, की बोरोसिलिकेटची नळी आणा: १२ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर जाडीची भिंत. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. ही काच जास्त उष्णता मागते, ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर ती मुश्किलीनं मऊ होते. दोन यंत्रं जोडा किंवा सिलिंडरवर या. ज्योत जास्त प्रखर म्हणून चष्माही जास्त गडद छटेचा लागतो. निववण्याचं तापमान ५६० अंशांच्या आसपास. मऊ काचेच्या कांड्या टेबलावरून उचलून ठेवा, चुकूनसुद्धा मिसळू नयेत म्हणून.

हातभर नळी दोन्ही हातांत आडवी धरा, मधला दोन बोटं रुंद पट्टा तापवत दोन्ही हात एका वेगानं फिरवा. काच लिबलिबीत झाली की ज्योतीबाहेर काढा, क्षणभर थांबा, मग फिरवता फिरवताच दोन्हीकडे ओढा, वीतभर. मध्ये पेनाच्या रिफिलइतकी बारीक पोकळ मान तयार होते. ती मध्यावर ज्योतीत तोडा, दोन्ही टोकं बंद होतील. तीन बोटं सोडून पुन्हा तसंच करा. आता तुमच्याकडे मध्ये नळी आणि दोन्हीकडे निमुळत्या शेपट्या असा तुकडा आहे. एका शेपटीचं टोक गार झाल्यावर ओरखडा देऊन मोडा, तिथून फुंकायचं. दुसरी शेपटी मुळाशी तापवून काढून टाका आणि ते टोक नीट गोल होऊ द्या.

मधला भाग नारिंगी होईपर्यंत तापवा, सतत फिरवत. ज्योतीत असताना कधीही फुंकू नका, पातळ झालेली बाजू फुटून फुगा उडतो. बाहेर काढा, एक श्वास थांबा, म्हणजे पातळ भाग आधी थोडा ताठ होतो आणि फुगवटा एकसारखा येतो. मग गालातली हवा, छातीतली नाही. मेणबत्तीची ज्योत हलेल पण विझणार नाही, एवढीच. फिरवणं थांबवायचं नाही. लाली जाईपर्यंत हलका दाब धरून ठेवा. मोठा हवा असेल तर एकदाच जोरात फुंकण्याऐवजी चार वेळा तापवून चार वेळा थोडं थोडं.

एक बाजू पातळ होऊन फुगली तर तिला ज्योतीपासून दूर ठेवून समोरची जाड बाजू तापवा, तीच आता आधी फुगेल. आकार मनासारखा झाला की फुंकायची शेपटी मुळाशी तापवून ओढून तोडा, उरलेलं टोक ज्योतीत गुळगुळीत करा, लांब चिमट्यानं भट्टीत ठेवा. आणि सकाळी आकडा ५० च्या खाली आलाय हे बघितल्याशिवाय दार उघडू नका.